युआन श्वांग : चरित्र आणि कार्य

या घटकात आपण एका चिनी भिक्षूच्या चरित्राचा अभ्यास करणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात चिनी माणसाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर असे, की महाराष्ट्र या प्रदेशाचे आणि येथील माणसांच्या स्वभावाचे जे जुने वर्णन परक्या डोळ्यांनी टिपलेले आपल्याला उपलब्ध आहे, त्यात या भिक्षूच्या वर्णनाचे स्थान फार वरचे आहे. दुसरे उत्तर भाषांतराशी निगडित आहे. त्याकडे आपण पुढे वळू.

हा घटक शेगाव, खामगाव, संग्रामपूर या परिसरातील विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. आपल्या गावी यात्रेकरूंची ये-जा बारमाही असते. तीर्थासाठी माणूस किती कष्ट सोसतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. युआन श्वांग हाही यात्रेकरूच होता. मात्र तीर्थाइतकीच त्याला पोथ्यांची ओढ होती आणि परतताना त्याने जे सोबत नेले त्यामुळे त्याचे नाव इतिहासात राहिले. जुन्या मराठी पुस्तकांत हे नाव ह्युएनत्संग असेही छापलेले आढळेल. व्यक्ती एकच आहे, हे ध्यानात ठेवावे.

बालपण आणि काळ

इ. स. ६०२ च्या सुमारास, चीनमधील लोयांग या राजधानीजवळच्या एका गावी चेन घराण्यात त्याचा जन्म झाला. चार भावांत तो धाकटा. वडील जुन्या कन्फ्यूशियन विद्येचे जाणकार. त्यांनी सरकारी सेवा सोडून ग्रंथांत मन रमवले होते. ज्या घरात शास्त्रग्रंथ वाचले जातात, प्रती केल्या जातात आणि त्यांवर चर्चा होते, अशा घरातला हा मुलगा होता. थोरल्यांपैकी एक भाऊ बौद्ध भिक्षू झाला होता. त्याच्या मागोमाग हाही विहारात गेला आणि तेराव्या वर्षी श्रामणेर म्हणून निवडला गेला. निवड करणाऱ्या अधिकाऱ्याने वयाची अट बाजूला ठेवली, असे त्याच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात नमूद आहे.

त्याच सुमारास सुई घराण्याची सत्ता कोसळली. यादवी, दुष्काळ आणि लुटालूट यांमुळे लोयांग ओस पडू लागले. दोघे भाऊ आधी चांगआनला (आजचे शिआन) आणि तेथून डोंगरांपलीकडच्या चेंगडूला गेले. इ. स. ६२२ मध्ये त्याला पूर्ण उपसंपदा मिळाली.

येथे थोडे थांबून त्या चीनकडे पाहू. कागद तेथे सामान्य वापरात येऊन पाच शतके झाली होती. इ. स. १०५ मध्ये त्साइ लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या आणि जुनी जाळी यांपासून कागद करण्याची रीत सम्राटासमोर मांडली, असे चिनी इतिहास सांगतो. उत्खननांत त्याहून जुने कागदही सापडले आहेत. काजळीची शाई, केसांचा कुंचला आणि कागदाची गुंडाळी ही त्या समाजाची नित्याची साधने होती. रेशीम तर वस्त्र होते तसेच चलनही होते. आपल्याकडे संस्कृत साहित्यात रेशमी वस्त्राला चीनांशुक म्हटले गेले, आणि आजही लोणच्याची बरणी आपण चिनी मातीची म्हणतो. वस्तूंच्या नावांत एखादा देश किती काळ टिकून राहतो, पाहा. भारतात मात्र त्या काळी ग्रंथ ताडपत्रांवर आणि भूर्जपत्रांवर लिहिले जात. या दोन लेखनसाधनांमधला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

निर्णय आणि प्रस्थान

युआन श्वांगने चीनमधील नामवंत आचार्यांकडे अध्ययन केले. जितके शिकावे तितका त्याचा गोंधळ वाढत गेला. एकाच ग्रंथाचे अर्थ दोन आचार्य परस्परविरोधी सांगत. उपलब्ध भाषांतरे कुठे अपुरी, कुठे संदिग्ध होती. मूळ योगाचारभूमिशास्त्र संपूर्ण मिळाल्याखेरीज हा वाद मिटणार नाही अशी त्याची खात्री झाली, आणि ते शास्त्र भारतात होते.

तांग घराण्याची सत्ता तेव्हा नवी होती. सरहद्द अस्थिर असल्याने देश सोडून जाण्यास मनाई होती. त्याने अर्ज केला, तो नामंजूर झाला. तेव्हा इ. स. ६२९ मध्ये (काही अभ्यासकांच्या मते ६२७ मध्ये) तो परवानगीशिवाय निघाला. दिवसा लपावे, रात्री चालावे, असा प्रवास सुरू झाला. सरहद्दीवरच्या टेहळणी बुरुजांजवळ पाणी घेताना त्याच्यावर बाण सुटले. पुढच्या वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. तो काही अंतर मागे वळला आणि पुन्हा पश्चिमेकडे निघाला. चार रात्री व पाच दिवस पाण्याचा थेंब न मिळता काढल्यावर त्याच्या घोड्यानेच त्याला एका झऱ्यापाशी नेले, असे चरित्रकार सांगतात. शिष्यांनी गुरूविषयी लिहिलेला हा मजकूर आहे, तेव्हा त्यात भक्तीचा अंश असणारच. पण त्या वाटेवर पाण्यावाचून माणसे मरत, हे खोटे नाही.

तुर्फानच्या राजाने त्याला मोठ्या सन्मानाने ठेवून घेतले, इतके की तो सोडीचना. युआन श्वांगने अन्नत्याग केला तेव्हा राजा नमला. परतताना तीन वर्षे राहीन, हे वचन मात्र त्याने घेतले. त्याने बरोबर सोने, चांदीची नाणी, रेशमाचे तागे, घोडे, माणसे आणि वाटेतल्या चोवीस राज्यांच्या अधिपतींसाठी पत्रे दिली. पळालेला भिक्षू आता राजाश्रयाचा प्रवासी झाला. मग तियानशानचे बर्फ, ज्यात तांड्यातील अनेकजण दगावले, समरकंद, बल्ख, आणि बामियान, जेथील दोन प्रचंड बुद्धमूर्तींचे वर्णन त्याने केले आहे. त्या मूर्ती २००१ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आल्या.

भारतातील वर्षे

काश्मीरात तो दोन वर्षे शिकला. गंगेच्या प्रवासात चाच्यांनी त्याला पकडून देवीपुढे बळी देण्याचा बेत केला, तेव्हा अचानक उठलेल्या वादळाने तो वाचला. श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनगर, वाराणसी, बोधगया ही स्थाने त्याने पाहिली. यांतली बरीच त्याला ओसाड आढळली, आणि तसे त्याने लिहिलेही. पूजेच्या भरात त्याने डोळे मिटून घेतले नाहीत, ही त्याच्या लेखनाची मोठी जमेची बाजू आहे.

नालंदा येथे वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांच्यापाशी त्याला हवे ते शास्त्र मिळाले. सगळे मिळून सुमारे पाच वर्षे त्याने तेथे काढली. योगाचारासह न्याय, व्याकरण आणि इतर दर्शनांचाही त्याने अभ्यास केला. पाणिनीय व्याकरणाची माहिती देणारे प्रकरण त्याच्या चरित्रग्रंथात आहे. भाषा शिकल्याखेरीज ग्रंथ हाती लागत नाही, हे त्याने ओळखले होते. भारतीय भिक्षूंनी त्याला महायानदेव आणि मोक्षदेव अशी नावे दिली.

महाराष्ट्राचे वर्णन

नालंदाहून तो बंगाल, ओरिसा, दक्षिण कोसल, आंध्र आणि कांची असा फिरत, साधारणतः इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. वाटेतले दक्षिण कोसल म्हणजे नेमका कोणता प्रदेश, यावर मतभेद आहेत. कनिंगहॅम यांनी त्याची राजधानी चांदा येथे मानली, फर्ग्युसन यांनी वैरागड सुचवले. आज पुष्कळांचा कल छत्तीसगडातील सिरपूरकडे आहे. म्हणजे पूर्व विदर्भातून तो गेला असेल किंवा नसेलही.

महाराष्ट्राविषयी तो काय सांगतो, ते आता सविस्तर पाहू. जमीन सुपीक आहे, हवा उष्ण आहे. माणसे साधी, प्रामाणिक, उंच आणि करारी आहेत. उपकार करणाऱ्याला ती विसरत नाहीत, आणि अपमान करणाऱ्याला क्षमा करत नाहीत. कोणी अडचणीत मदत मागितली तर स्वतःचे भान न ठेवता धावतात. सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी कळवतात, मग दोघे शस्त्र घेऊन समोरासमोर येतात; पळणाऱ्याचा पाठलाग करतात, शरण आलेल्याला मारत नाहीत. हरलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा नसे. त्याला स्त्रीचे वस्त्र पाठवले जाई, आणि ती लाज सहन न होऊन तो प्राण देई. राजाजवळ काही शेकडा निवडक योद्धे असत. लढाईपूर्वी ते मद्य पीत आणि हत्तींनाही पाजत.

त्या राजाचे नाव तो पुलकेशी असे देतो. हा बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसरा पुलकेशी. उत्तरेतील हर्षवर्धनाने पूर्व-पश्चिम सर्वत्र विजय मिळवले, पण या लोकांना तो नमवू शकला नाही, असे युआन श्वांग नोंदवतो. आता ऐहोळे येथील रविकीर्तीचा शिलालेख आठवा. शके ५५६ चा, म्हणजे इ. स. ६३४-३५ चा हा लेख हर्षाच्या पराभवाची हकीकत सांगतो आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख करतो. दरबारी कवीने आपल्या राजाची स्तुती करावी यात नवल नाही; एवढ्यावर इतिहासकार विसंबणार नाही. पण हर्षाचा पाहुणचार घेतलेला परदेशी भिक्षू तेच सांगतो, तेव्हा त्या विधानाला वजन येते. दोन स्वतंत्र साक्षीदारांचा मेळ कसा घालावा, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तरीही हे वर्णन जसेच्या तसे स्वीकारू नये. हा ग्रंथ त्याने परतल्यावर सम्राट ताइझोंगच्या सांगण्यावरून तयार केला. सम्राटाला पश्चिमेकडील देशांची माहिती हवी होती, आणि तिच्यात राजकारणाचा भाग मोठा होता. सैन्य, हत्ती, राजाचा दरारा, लोकांचा लढाऊपणा यांना वर्णनात एवढी जागा का मिळाली, याचे एक कारण येथे असावे. या प्रदेशातील स्त्रियांविषयी, शेतकऱ्यांविषयी, बोलीविषयी आपल्याला जे जाणून घ्यावेसे वाटते ते त्यात जवळजवळ नाही. मराठी माणूस हे वर्णन अभिमानाने उद्धृत करतो. पण एवढा मोठा समाज एका स्वभावचित्रात कसा मावेल, हा प्रश्नही त्याने विचारायला हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या राज्यात शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू होते, तसेच शंभरेक देवालयेही होती, असे तो म्हणतो. पूर्व सीमेवर उंच कड्यांचा एक मोठा पर्वत असून त्याच्या अंधाऱ्या दरीत अचल नावाच्या अर्हताने उभारलेला विहार आहे. भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मीचे प्रसंग चितारले आहेत. दारापाशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. हे वर्णन अजिंठ्याचे आहे यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे, आणि १६ क्रमांकाच्या लेण्याच्या पायथ्याशी हत्ती आहेत. पण त्याने सांगितलेली सत्तर फुटी दगडी बुद्धमूर्ती, आणि तिच्या वर आधाराशिवाय लटकणारी सात छत्रे अजिंठ्यात कोठेच नाहीत. म्हणून तो स्वतः तेथे गेला नसावा, ऐकीव माहिती त्याने लिहिली असावी, असे काहींचे मत आहे. ते पटण्यासारखे आहे.

आपल्या दृष्टीने एक बारीक गोष्ट. त्याच्या हिशेबाने अजिंठ्याचा डोंगर ही महाराष्ट्राची पूर्व सीमा होती. शेगाव त्या रांगेच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यात आहे; बुलढाण्याच्या घाटातून आपण जी रांग चढतो ती हीच. या खोऱ्याचे वेगळे वर्णन त्याच्या ग्रंथात सापडत नाही. पण येथे सांगण्याजोगे काही नव्हते असे मात्र नाही. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठच्या भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या शतकाच्या आरंभी उत्खनन केले. तेव्हा प्राचीन वसाहत, भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि विटांचा स्तूप उजेडात आला. युआन श्वांग येण्यापूर्वी कित्येक शतके येथे बौद्ध वस्ती होती. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. कोणत्याही प्रवाशाने ज्याचे वर्णन लिहून ठेवले नाही अशा स्थळाची जमीनही गेली, तर मागे राहतात केवळ उत्खननाचे अहवाल आणि संग्रहालयात नेलेल्या वस्तू.

परतीचा प्रवास

महाराष्ट्रातून भडोच, माळवा, वलभी, सिंध असा वळसा घेऊन तो नालंदाला परतला. कामरूपाचा राजा भास्करवर्मा आणि हर्ष या दोघांनी त्याचा सत्कार केला. कनौज येथे त्याच्यासाठी धर्मसभा भरली. इ. स. ६४३ मध्ये तो परत निघाला. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या व फुलझाडांची बियाणी पाण्यात गेली. या पोथ्यांची हळहळ त्याला शेवटपर्यंत राहिली असावी. पुढे इ. स. ६५४ मध्ये बोधगयेच्या भिक्षूंना पाठवलेल्या पत्रासोबत त्याने हरवलेल्या ग्रंथांची यादी जोडून त्यांच्या प्रती मागितल्या.

तुर्फानच्या राजाला दिलेले वचन पाळण्याची वेळ आलीच नाही. तो राजा वारला होता आणि त्याचे राज्य तांग सैन्याने जिंकले होते. खोतानहून युआन श्वांगने सम्राटाला पत्र लिहून परवानगीवाचून गेल्याची कबुली दिली. इ. स. ६४५ च्या आरंभी तो चांगआनला पोचला तेव्हा रस्ते माणसांनी भरून गेले होते. वीस घोड्यांवर ५२० बासनांत ६५७ ग्रंथ होते. शिवाय बुद्धमूर्ती आणि अस्थिअवशेष. सम्राटाने त्याला राज्यकारभारात पद देऊ केले. त्याने ते नाकारून भाषांतरासाठी जागा आणि माणसे मागितली.

भाषांतरकार

आता या चरित्राच्या दुसऱ्या महत्त्वाच्या भागाकडे येऊ. पुढील एकोणीस वर्षांत त्याने ७५ ग्रंथांचे चिनी भाषांतर केले. त्यांच्या गुंडाळ्या तेराशेहून अधिक भरतात. हे एकट्याचे काम नव्हते. त्याच्या भाषांतरमंडळात अर्थ तपासणारे, संस्कृत पाठ पाहणारे, चिनी शैली सुधारणारे, शब्दांची लिपी निश्चित करणारे आणि सुवाच्य प्रती करणारे अशी कामांची वाटणी होती. तो स्वतः पहाटे उठून त्या दिवशीचा संस्कृत मजकूर मोठ्याने वाची आणि भाषांतर करावयाच्या भागावर लाल शाईने खुणा करी. दिवस इतर कामांत गेला तर रात्री बसून ठरलेला भाग पुरा करी.

इ. स. ६६० मध्ये त्याने महाप्रज्ञापारमितासूत्र हाती घेतले. ग्रंथ प्रचंड आणि पुनरुक्तीने भरलेला. शिष्यांनी संक्षेप करण्याची विनंती केली, आणि तो क्षणभर तयारही झाला. मग त्याचे मन फिरले. तीन हस्तलिखिते ताडून पाहत त्याने काहीही न वगळता काम केले. ६६३ मध्ये ते संपले तेव्हा ६०० गुंडाळ्या झाल्या होत्या.

कोणते शब्द भाषांतरित करू नयेत, याविषयीचे पाच नियम परंपरेने त्याच्या नावावर आहेत. गूढ मंत्राक्षरे तशीच ठेवावी. भगवत् यासारखा अनेकार्थी शब्द तसाच ठेवावा, कारण एक अर्थ घेतला की बाकीचे सुटतात. जंबू वृक्षासारखी जी वस्तू आपल्या देशात नाही तिचे नाव बदलू नये. जो शब्द पूर्वसूरींनी रूढ केला तो मोडू नये. आणि प्रज्ञा यासारखा शब्द, ज्याचा सोपा प्रतिशब्द त्याचे गांभीर्य कमी करतो, तोही तसाच राहू द्यावा. आपण इंग्रजीतून मराठीत काही आणताना नेमके याच ठिकाणी अडतो. मराठीतील एखादा परिच्छेद घेऊन दुसऱ्या भाषेत नेऊन पाहा. वारी, ओवी, माहेर या शब्दांचे आपण काय कराल? पाचपैकी कोणता नियम कोठे लागू पडतो, हे आपल्या वहीत नोंदवा.

उलट दिशेचे कामही त्याने केले. कामरूपाच्या राजासाठी, सम्राटाच्या आज्ञेवरून, लाओत्झूचा ग्रंथ त्याने संस्कृतात नेला. ते भाषांतर आज उपलब्ध नाही.

या श्रमांचे मोल आपल्याला फार उशिरा कळले. ताडपत्रे कीड, दमट हवा आणि आगी यांत नष्ट झाली; नालंदा उद्ध्वस्त झाली. मात्र चीनमध्ये कागदावर पुनःपुन्हा प्रती निघत राहिल्या आणि पुढे ठोकळ्यांवरून छपाईही सुरू झाली. कणादाच्या परंपरेतील दशपदार्थशास्त्र या वैशेषिक ग्रंथाचे संस्कृत मूळ नाहीसे झाले आहे; तो ग्रंथ उरला तो युआन श्वांगच्या चिनी भाषांतरात. हिंदू दर्शनाचा ग्रंथ एका बौद्ध भिक्षूने चीनमध्ये जपला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचेही तसेच. त्याचा संस्कृत पाठ शतकानुशतके दुर्मीळ होता. राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात त्याची हस्तलिखिते आढळली, आणि त्यातील कारिकांचा पाठ पुण्याच्या प्रा. वा. वि. गोखले यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी या ग्रंथाच्या अभ्यासकाला मुख्य आधार होता तो तिबेटी आणि चिनी भाषांतरांचाच.

अखेर

आणलेल्या पोथ्या आगीपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून इ. स. ६५२ मध्ये चांगआनच्या त्सिएन विहारात मनोरा बांधण्यात आला. भारतीय स्तूपाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून युआन श्वांगने त्याची कल्पना मांडली होती, आणि टोपलीतून विटाही वाहिल्या. मूळचे पाच मजले पुढे पुनर्बांधणीत वाढले. आजचा सात मजली मनोरा शिआन शहरात उभा आहे. त्याच्या पायथ्याशी सम्राट ताइझोंगने या भाषांतरांना लिहिलेली प्रस्तावना दगडावर कोरलेली आहे.

महाप्रज्ञापारमितेनंतर त्याची शक्ती संपली होती. शिष्यांनी नवा ग्रंथ हाती घेण्याची विनंती केली. चार ओळी करून त्याने पोथी मिटली. इ. स. ६६४ मध्ये त्याचे निधन झाले. सोळाव्या शतकात त्याच्या प्रवासावर माकडाच्या पराक्रमांनी भरलेली एक अद्भुत कादंबरी चिनी भाषेत निर्माण झाली. आज चीनमधील मुले त्याला आधी त्या कथेतून ओळखतात.

त्याचा प्रवासवृत्तांत एकोणिसाव्या शतकात ज्यूलियन यांनी फ्रेंचमध्ये आणि बील यांनी इंग्रजीत आणला, आणि त्याच्या आधारे भारतातील अनेक विस्मृत स्थळांचा शोध लागला. १९५७ मध्ये त्याचा अस्थिअवशेष चीनकडून भारताला देण्यात आला. नालंदा येथे त्याच्या स्मारकाची वास्तू आहे.

क्षेत्रकार्य : शेगावहून खामगाव-बुलढाणा मार्गे अजिंठा एका दिवसात पाहून होतो. तेथे १६ व २६ क्रमांकांची लेणी पाहताना युआन श्वांगच्या वर्णनातील कोणता तपशील जुळतो आणि कोणता जुळत नाही, याच्या दोन वेगळ्या याद्या करा. २६ व्या लेण्यातील निजलेल्या बुद्धमूर्तीची लांबी अंदाजाने नोंदवा आणि त्याने सांगितलेल्या मापाशी ताडून पाहा.